नवख्या गावचा चढ : धावा, पण श्वासाच्या हिशेबाने

दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी संपली की दवाखान्यात दोन तक्रारी हमखास वाढतात. पहिली पोटाची, तिचे कारण सांगायला नको. दुसरी मांड्यांची आणि गुडघ्यांची. "डॉक्टर, जिना चढता येतो, पण उतरता येत नाही. खाली बसले की उठवत नाही." चौकशी केली की कळते, सुट्टीत साताऱ्याला मेव्हण्यांकडे, पाचगणीला मित्राकडे किंवा कोकणात मामांच्या गावी जाणे झाले होते. रोजचा पळण्याचा नेम मोडू नये म्हणून पहाटे बूट घालून स्वारी बाहेर पडली आणि समोर येईल त्या रस्त्याने धावत सुटली. रस्ता मात्र होम मैदानासारखा सपाट नव्हता.

नेम मोडला नाही याबद्दल अशा मंडळींचे कौतुकच करायला हवे. परगावी गेल्यावर व्यायामाला सुट्टी देणारेच जास्त भेटतात. परंतु आपल्या जिल्ह्याचा बराचसा भाग सपाट आहे. सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढा, मोहोळ या भागात रोज ५ किलोमीटर पळणाऱ्या माणसालाही चढ-उताराची सवय असेलच असे नाही. त्यातून रस्ता अनोळखी. पुढच्या वळणापलीकडे चढ संपतो की वाढतो, हे ठाऊक नसते. म्हणून डोंगराळ गावी पळायला जाताना शरीरात काय घडते आणि कोणती काळजी घ्यावी, याचा विचार आजच्या लेखात करू.

वेग तोच, मेहनत दुप्पट वाटते

पळताना शरीराला किती प्राणवायू लागतो, यावरून मेहनत मोजण्याचे एक ठरलेले गणित व्यायामशास्त्रात आहे. त्यानुसार ताशी ८ किलोमीटर वेगाने सपाटीवर पळणारा माणूस त्याच वेगाने १०० फुटांत ५ फूट चढणाऱ्या रस्त्याला लागला, तर त्याला सुमारे एक पंचमांश जास्त प्राणवायू लागतो. चढ १०० फुटांत १० फूट असेल तर ही वाढ सुमारे दोन पंचमांश होते. ज्याचा दम सपाटीवरच जेमतेम पुरत होता, त्याला एवढी वाढ दुप्पट मेहनतीसारखी वाटते.

हेच गणित उलटे मांडले की उपयोगाचे होते. सपाटीवर ताशी ८ किलोमीटरने जेवढी मेहनत पडते, तेवढ्याच मेहनतीत ५ टक्के चढावर वेग साडेसहा किलोमीटरपर्यंत येतो आणि १० टक्के चढावर साडेपाचपर्यंत. साडेपाच किलोमीटर म्हणजे जवळजवळ भराभर चालण्याचा वेग. तेव्हा उभ्या चढावर पळणे सोडून चालू लागणे हा कमकुवतपणा नव्हे. हृदयावरचा भार सपाटीएवढाच ठेवायचा असेल तर तोच योग्य वेग असतो.

आणखी एक गोष्ट. घाटातला मोठा रस्ता वाहनांसाठी आखलेला असतो. भरलेला ट्रक आणि एस.टी. चढली पाहिजे म्हणून साधारण १६ ते २० फुटांना १ फूट असा बेताचा चढ ठेवण्याचा प्रयत्न असतो. वस्तीतल्या गल्ल्यांना असा नियम नाही. डोंगराच्या अंगावर जशी घरे बसली तशा त्या वर चढतात. साताऱ्याचेच उदाहरण घ्या. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले आहे. पोवई नाक्याकडून राजवाड्याकडे जातानाच चढ लागतो आणि किल्ल्याच्या बाजूच्या गल्ल्या तर त्याहून उभ्या आहेत. पाहुण्याला वाटते, "घाटात जायला नको, इथेच गल्लीत दोन चकरा मारू." प्रत्यक्षात त्या दोन चकरा घाटापेक्षा जड जाऊ शकतात.

उंचीचाही थोडा परिणाम असतो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंच आहे. तिथल्या हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो, म्हणून प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढा कमी मिळतो. निरोगी माणसाला बसल्या जागी हे जाणवत नाही, चढावर पळताना मात्र धाप थोडी लवकर लागते. शिवाय हिवाळ्यातली पहाटेची थंड हवा रक्तवाहिन्या आकसवते आणि रक्तदाब वाढवते.

दिवे घाटातल्या जादा बैलजोड्या

आपल्या जिल्ह्यात वारी कोणाला सांगावी लागत नाही. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. सपाट रस्त्यावर एका बैलजोडीने चालणाऱ्या रथाला त्या घाटात जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात. रथ तोच असतो, वजनही तेच असते. फक्त चढ आलेला असतो.

आपल्या हृदयाला अशी जादा जोडी जुंपता येत नाही. चढ आला की त्याच एका हृदयाला ठोके वाढवून काम भागवावे लागते. हृदयाला स्वतःचे रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मोकळ्या असतील तर ते हे काम आनंदाने करते आणि नियमित सरावाने बळकटही होते. त्या वाहिन्या आतून चरबीच्या थराने अरुंद झाल्या असतील तर सपाटीवर पुरणारे रक्त चढावर कमी पडते. सपाटीवर वर्षानुवर्षे न दिसलेले दुखणे अशा वेळी पहिल्यांदा दिसते.

चढावर दिसणारे दुखणे

या ठिकाणी एका रुग्णाची हकीकत सांगणे उपयोगी होईल. बावन्न वर्षांचे एक शिक्षक. रोज सकाळी मैदानावर अर्धा तास हळूहळू पळण्याचा त्यांचा सात-आठ वर्षांचा नेम. तंबाखू नाही, दारू नाही. रक्तदाब थोडा जास्त, त्याची गोळी चालू. दिवाळीत मुलीकडे डोंगराळ गावी गेले. पहिल्या दिवशी पळताना घराजवळच्या चढावर छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे झाले. ते थांबले. दोन-तीन मिनिटांत बरे वाटले. फराळाने ॲसिडिटी झाली असे समजून त्यांनी घरी येऊन ॲसिडिटीची गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी त्याच चढावर तसेच झाले, तिसऱ्या दिवशीही तसेच. घरात कोणालाही त्यांनी सांगितले नाही. सणासुदीला मुलीच्या जिवाला घोर नको, हा त्यांचा विचार.

गावी परतल्यावर सपाट मैदानावर काहीच त्रास नव्हता, त्यामुळे ती गोष्ट ते विसरूनही गेले. महिनाभराने रक्तदाब तपासायला आले असताना बोलता बोलता विषय निघाला. साधा ई.सी.जी. काढला, तो व्यवस्थित होता. तरीही चालत्या पट्ट्यावरची, म्हणजे स्ट्रेस टेस्टची, तपासणी करून घेण्याचा आग्रह धरला. त्या पट्ट्याला मुद्दाम चढ देतात. चढ वाढवताच ई.सी.जी. बदलला. पुढे अँजिओग्राफीत हृदयाच्या एका मोठ्या रक्तवाहिनीत गंभीर अडथळा सापडला. वेळेवर उपचार झाले. आज ते पुन्हा मैदानावर येतात.

या हकीकतीतून वाचकांनी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली : मेहनतीने येणारे आणि थांबल्यावर काही मिनिटांत जाणारे छातीतले दडपण हे हृदयाचे लक्षण मानावे, तपासणीत दुसरे काही ठरेपर्यंत. ॲसिडिटी चढ पाहून येत नाही आणि थांबलो म्हणून लगेच जातही नाही.

दुसरी : हे दडपण छातीतच होईल असे नाही. जबड्यात, गळ्यात, डाव्या किंवा दोन्ही हातांत, पाठीत, पोटाच्या वरच्या भागात आवळल्यासारखे होऊ शकते. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी कधी वेदना नसतेच. नेहमीपेक्षा फार जास्त धाप, घाम, मळमळ किंवा एकदम गळून गेल्यासारखे वाटणे एवढेच लक्षण असते.

तिसरी : विश्रांतीच्या वेळी काढलेला ई.सी.जी. चांगला आला म्हणजे हृदय चांगले, असा अर्थ होत नाही. त्रास कधी होतो, किती चढावर होतो, थांबल्यावर किती वेळात जातो, हे डॉक्टरांना नेमके सांगावे. या माहितीचे मोल कित्येकदा यंत्राच्या कागदापेक्षा जास्त असते.

चढावर असे काही झाले तर ताबडतोब थांबावे, बसावे. "अजून थोडेच राहिले आहे" असे म्हणून पुढे जाऊ नये. पाच मिनिटांत पूर्ण बरे वाटले तरी त्या दिवशी पळणे बंद करावे, वाहनाने घरी यावे, घरच्यांना सांगावे आणि एक-दोन दिवसांत तपासणी करून घ्यावी. पाच-दहा मिनिटांत बरे वाटले नाही, घाम सुटला, चक्कर आली किंवा बसल्या जागी पुन्हा दुखू लागले तर हृदयविकाराचा झटका समजून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे. स्वतः गाडी चालवू नये. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटात व्रण किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घेतात. फोनवर डॉक्टरांना विचारता आले तर उत्तम. जिभेखाली ठेवायची गोळी मात्र ज्यांना आधीच लिहून दिली आहे त्यांनीच घ्यावी. शेजाऱ्याच्या खिशातली घेऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो.

उतार सोपा वाटतो, पण मांड्या फेडतात

चढ संपला की माणसाला हायसे वाटते. श्वास खाली बसतो, पाय आपोआप पडतात. वेळापूरजवळ धावा बावी माउंट येथे वारकरी धावतात, तेव्हाचा आनंद ज्यांनी पाहिला आहे त्यांना उताराची ओढ समजेल. परंतु ते वारकरी तिथे पोचतात तोवर सुमारे दोन आठवडे चाललेले असतात. त्यांचे पाय तयार झालेले असतात. सुट्टीवर आलेल्या पाहुण्याचे तसे नसते.

उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंना वेगळेच काम पडते. शरीर खाली घसरू नये म्हणून ते ब्रेक लावतात. नेहमी स्नायू आखडून जोर लावतात. इथे ते ताणले जात असतानाच जोर लावावा लागतो. या प्रकारच्या कामात स्नायूंचे बारीक तंतू दुखावतात. त्या वेळी काही कळत नाही. दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असते. दिवाळीहून परतलेल्या पाहुण्याला जिना चढता येतो पण उतरता येत नाही, त्याचे कारण हेच. जिना उतरताना पुन्हा त्याच स्नायूंना ब्रेक लावावा लागतो.

उतारावर पाऊल आपटतेही जास्त. २००५ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी याची मोजणी प्रसिद्ध केली. ९ अंशांच्या उतारावर पाऊल टेकतानाचा पहिला धक्का सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी मोठा भरला. हा धक्का घोटा, गुडघा आणि कंबर यांना सोसावा लागतो. गुडघ्याची वाटी दुखण्याची तक्रार उतारानंतर जास्त दिसते, ती त्यामुळेच.

यावर उपाय सोपे आहेत. उतारावर पावले लहान आणि भराभर टाकावीत. पाय लांब फेकून टाच आपटू नये. पाऊल शरीराच्या खालीच पडेल असे पाहावे. गुडघा किंचित वाकलेला असावा. मागे झुकून ब्रेक लावत उतरणे टाळावे. फार उभा उतार असेल तर सरळ चालावे. रस्ता रिकामा आणि रुंद असेल तर नागमोडी उतरल्याने भार कमी होतो.

स्नायूंची एक चांगली सवयही सांगतो. एकदा थोडासा उतार उतरून ते हलके दुखले की पुढचे काही आठवडे ते तेवढ्याच कामाने फारसे दुखत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी थोडे, दोन दिवसांनी थोडे जास्त, हा क्रम पाळला तर सुट्टी सुखाची जाते. दुखू लागलेच तर हलके चालणे, कोमट पाण्याने शेक आणि दोन-तीन दिवस धीर पुरे. जोरजोरात रगडून घेऊ नये. उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेऊन पुन्हा पळायला जाणे तर मूत्रपिंडांना घातक ठरू शकते.

दोन लक्षणे मात्र साधी समजू नयेत. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली आणि स्नायू सुजून फार दुखू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. स्नायूंची मोडतोड मूत्रपिंडांना त्रास देत असण्याची शक्यता असते. आणि लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून गरम झाली, तर ते पळण्याचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. तिथे रक्ताची गुठळी असू शकते.

पहिल्या दिवशी काय करावे?

नव्या गावी पहिल्या सकाळी पळूच नये, रस्ता चालून पाहावा. चढ कुठे आहे, फरसबंदी कुठे निसरडी आहे, गटाराचे झाकण कुठे उघडे आहे, परतीचा जवळचा रस्ता कोणता, हे सर्व कळते. यजमानांपैकी कोणी बरोबर असेल तर आणखी उत्तम.

दुसऱ्या दिवशी आपल्या नेहमीच्या वेळेच्या निम्मा वेळ पळावे. इथे किलोमीटर मोजू नयेत, मिनिटे मोजावीत. आधी ८ ते १० मिनिटे चालून अंग गरम करावे. मग श्वासाला विचारून पळावे. पळताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग कमी करावा. तरीही तेच झाले तर चालावे. नाडी मोजणाऱ्या घड्याळापेक्षा ही कसोटी सर्वांना जमणारी आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच संथ राहते, त्यामुळे अशा मंडळींना घड्याळाचा आकडा फसवतो. श्वास फसवत नाही.

चढताना कमरेतून वाकू नये, छाती मोकळी ठेवावी. पावले लहान ठेवावीत. नजर दहा-पंधरा फुटांवर असावी. चढाच्या टोकाकडे सारखे बघत राहिले की दम जास्त लागतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे.

यजमानांचे घर उंचावर असेल तर विशेष काळजी घ्यावी. तिथे सुरुवातच उताराने होते. ताजेतवाने पाय झरझर खाली नेतात आणि परतीचा सगळा चढ दमलेल्या शरीराला चढावा लागतो. ३० मिनिटे पळायचे ठरवले असेल तर १० मिनिटांतच मागे वळावे. वर यायला २० मिनिटे हाताशी राहतात. घर पायथ्याशी असेल तर उलटे होते. आधी चढ, मग उतार. नवख्यासाठी हाच क्रम बरा.

अडचण येते ती माणसांच्या संकोचाची. मेव्हणा म्हणतो, "चला दाजी, यवतेश्वरापर्यंत जाऊन येऊ, काही लांब नाही." त्याला तो घाट रोजचा असतो. त्याच घाटाने कासकडे जाऊन परत येणारी २१ किलोमीटरची सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून भरते, आणि तिच्यात उतरणारी मंडळी महिनोन् महिने सराव करतात. दाजी बिचारे सपाटीवरून आदल्या रात्री आलेले. पण मागे राहिलो तर कसे दिसेल, म्हणून ओठ घट्ट मिटून धावत राहतात. अशा वेळी "तुम्ही व्हा पुढे, मी चालत येतो" हे वाक्य मोकळेपणाने उच्चारावे. जावईबापूंचा मान थांबल्याने जात नाही. यजमानांनीही पाहुण्याला दोनदा विचारावे, तो गप्प झाला असेल तर आपण होऊन थांबावे.

रस्ता, कुत्री आणि धुके

घाटात पायी जाणाऱ्याने समोरून येणारी वाहने दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूने जावे. उजवीकडे डोंगराचे आंधळे वळण असेल तर मात्र वाहनचालकाला आपण शेवटच्या क्षणी दिसतो. तिथे दोन्हीकडे पाहून आधीच दुसऱ्या बाजूला जावे. कपडे पांढरे किंवा भडक असावेत. कानात गाणी लावू नयेत. वळणावरचा हॉर्न ऐकू येणे ही तिथली पहिली सुरक्षितता आहे. पावसाळ्यात धुके दाट असेल तर घाटात पळायला जाऊच नये. कोकणात जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात शेवाळ धरते, तिथे बूट कितीही चांगले असले तरी पाय घसरतो.

आपल्या गल्लीतली कुत्री आपल्याला ओळखतात. परक्या गल्लीतली ओळखत नाहीत, आणि पळणारा माणूस दिसला की पाठ धरतात. कुत्रे अंगावर आले तर पळणे थांबवून उभे राहावे, डोळ्याला डोळा न लावता हळूहळू मागे सरकावे. चावलेच, किंवा दाताने नुसते खरचटले, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची असे काही लावू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. रक्त आले असेल तर लसीबरोबरच जखमेत देण्याचे सीरमही लागते. सरकारी रुग्णालयात विचारणा करावी. सुट्टी संपून आपल्या गावी आल्यावर उरलेले डोस ठरलेल्या तारखांना पूर्ण करावेत. निम्म्यावर सोडू नयेत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

बाहेर पडताना मोबाईल, थोडे पैसे आणि यजमानांचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी खिशात असावी. चिठ्ठीवर आपले नाव, आजार आणि चालू गोळ्याही लिहाव्यात. परक्या गावात माणूस रस्त्यात बसला तर लोक मदतीला धावतात, पण तो कोणाकडचा हे त्यांना समजले पाहिजे. घरातून निघताना कोणत्या रस्त्याने जातो आणि किती वाजता येतो, हे सांगून निघावे.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावे?

ज्यांना हृदयविकार आहे किंवा होऊन गेला आहे, ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, ज्यांना मधुमेह आहे, जे तंबाखू-सिगारेट ओढतात किंवा ज्यांच्या वडिलांना-भावाला पंचावन्नच्या आत किंवा आई-बहिणीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला, अशांनी प्रवासाआधीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे. ताप, जुलाब किंवा दमवणारा खोकला असताना, तसेच जागरण करून रात्रभर प्रवास झाला असेल त्या दिवशी चढावर पळू नये.

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी, तसेच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. चढावर साखर नेहमीपेक्षा जास्त खर्च होते आणि ती खाली जाण्याचा धोका पुढचे २४ तासही राहू शकतो. थरथर, घाम, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर खावी. घरी आल्यावर तळपाय पाहावेत. उतारावर बोटे बुटाच्या टोकाला घासून फोड येतात आणि मधुमेहींना ते जाणवत नाहीत.

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वय ५८ आहे. गुडघ्यांची झीज सांगितली आहे. मुलाकडे डोंगराळ भागात राहायला जाणार आहे. चढावर फिरायला जावे का?

उत्तर : अवश्य जावे, पण चालत. चढताना गुडघ्यांना फारसा त्रास होत नाही, उतरताना होतो. सकाळी चालत वर जाऊन रिक्षाने किंवा मुलाच्या गाडीने खाली आलात तरी व्यायाम पुरेपूर होतो. उतरावेच लागले तर हातात काठी घ्यावी आणि सावकाश उतरावे. चप्पल नको, टाच धरून ठेवणारे बूट वापरावेत. साडीचा घोळ पायात येणार नाही असे पाहावे.

प्रश्न : पळायला जायच्या दिवशी रक्तदाबाची सकाळची गोळी घेतली नाही तर चालते का?

उत्तर : नाही. गोळी मनाने बंद करू नये. चढावर रक्तदाब मुळातच वाढतो, त्यात गोळी चुकवणे धोक्याचे आहे. गोळी घेतल्यावर उभे राहताना चक्कर येत असेल तर वेळ किंवा मात्रा बदलता येते, पण ती आपल्या डॉक्टरांनी ठरवायची.

प्रश्न : थंड हवेच्या ठिकाणी पळताना मला खोकला येतो आणि छातीत घरघर होते. हा हृदयाचा त्रास असेल का?

उत्तर : पळताना किंवा पळून थांबल्यावर काही मिनिटांत खोकला आणि घरघर सुरू होत असेल तर दम्याचा प्रकार असण्याची शक्यता जास्त. थंड कोरडी हवा श्वासनलिका आकसवते. ऊन आल्यावर बाहेर पडावे, नाका-तोंडावर रुमाल बांधावा, अंग हळूहळू गरम करावे. दम्याचा फवारा सुरू असेल तर तो खिशात ठेवावा. तरीही एकदा तपासणी करून घ्यावी, कारण हृदयाच्या दुखण्यातही धाप लागते, आणि दोन्हींतला फरक घरबसल्या ठरवणे बरोबर नाही.

डोंगराळ गावात चार दिवस राहणाऱ्याने चढाला भिण्याचे कारण नाही. बेताने घेतलेला चढ हृदयाला आणि पायांना चांगलाच. पळताना वाक्य पुरे होत आहे ना, एवढे स्वतःला विचारत राहावे. आणि चढावर छातीत काही वेगळे जाणवलेच, तर ती गोष्ट सुट्टीच्या पिशवीत बांधून ठेवू नये. त्याच दिवशी घरात सांगावी.